मेरिली

पाणी उकळायच्या बरंच आधी भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात. ते वाफेचे नसतात. पाण्यात विरघळून राहिलेली हवा ऊब लागली की बाहेर पडते आणि तळाला चिकटून बसते. त्यानंतरचे बुडबुडे वाफेचे असतात, पण तेही वरपर्यंत पोचत नाहीत. वरचं पाणी अजून गार असतं, त्यात ते मिटून जातात आणि मिटताना आवाज करतात. बायका म्हणतात, पाणी गुणगुणायला लागलं. खरी उकळी फुटते तेव्हा हा आवाज उलट कमी होतो. सत्यभामेने हे सगळं काचेच्या चंबूखाली स्पिरिटचा दिवा लावून मुलींना दाखवलं, दिवा टोपण घालून विझवला, चंबू खिडकीत निवायला ठेवला, आणि लगेच त्याच वर्गाला इंग्रजीचं पुस्तक उघडायला सांगितलं, कारण हिंगोलीच्या त्या मुलींच्या शाळेत शास्त्र आणि इंग्रजी हे दोन्ही विषय तिच्याकडेच होते. धड्यात थंडीचे दिवस होते, एक म्हातारी होती, चूल होती, आणि चुलीवर किटली होती. किटली कशी उकळत होती, तर मेरिली. सत्यभामेने नेहमीप्रमाणे फळ्यावर शब्द लिहिला आणि समोर अर्थ लिहिला : आनंदाने. इतक्या वर्षांत तिने तो असाच लिहिला होता. दुसऱ्या बाकावरची चतुरा उभी राहिली. ही पोरगी सेनगावकडची, मावशीकडे राहून शिकणारी, बोलायला धीट. ती म्हणाली, "बाई, किटलीला कसला आनंद?"

वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "च्या मिळंल म्हणून," आणि वर्ग आणखी हसला. चतुरा हसली नाही. "न्हाई बाई, आत्ताच तर तुमी म्हणल्या, आवाज हवेचा न् वाफेचा राहतो म्हणून. मंग आनंद कुठून आला?" सत्यभामा फळ्याकडे वळली. प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तरही तिला ठाऊक होतं, या गावात कदाचित तिलाच ठाऊक होतं. पण उत्तर जिथं होतं तिथं ती बरेच दिवस गेली नव्हती. तिने फळ्यावरचा 'आनंदाने' पुसला. त्या जागी काही लिहिलं नाही. "उद्या सांगते," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य वाचायला सांगितलं. मुलगी वाचत असतानाच तिने चंबू उचलून कपाटात ठेवला. तो पुरता निवलेला होता की नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

बाहेर मार्गशीर्षाचं ऊन होतं. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता जुन्या छावणीच्या कडेने जात होता. तिथं कधीकाळी पलटण होती म्हणतात, आता कडुनिंब होते आणि त्यांच्या सावलीत कापसाच्या गाड्या सोडलेल्या होत्या. सप्टेंबरात फौजा येऊन हैदराबादचं राज्य बदललं त्याला फार दिवस झाले नव्हते. वाशीमकडे, वऱ्हाडात, नातलगांकडे आणि छावण्यांत पळून गेलेली माणसं परत आली होती. दारांना नव्या कड्या दिसत होत्या. उलट वर्गात मागच्या बाकावरच्या दोघी, शमीम आणि तिची धाकटी बहीण, त्या महिन्यापासून आल्याच नव्हत्या. हजेरी घेताना त्यांची नावं आली की सत्यभामा क्षणभर थांबायची आणि पुढं जायची. थांबताना आत काही हलत नसे. थांबायला पाहिजे म्हणून ती थांबायची. असं पुष्कळच गोष्टींचं झालं होतं. ती जेवायची वेळ झाली म्हणून जेवायची, सणाला हसायचं असतं म्हणून हसायची, आणि कुणाला त्यात काही उणं दिसत नव्हतं. लोक म्हणायचे, मास्तरीणबाई मोठ्या शांत स्वभावाच्या.

मेरिली हा शब्द तिला पहिल्यांदा टोचला तो नागपुरात. वाशीमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची ती एकुलती मुलगी. बापाने हौसेने शिकवली, इंटर सायन्सपर्यंत नेली. पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून बघायची होती. चिमट्यात धरलेली ती राखाडी फीत पेटली आणि इतका पांढरा उजेड पडला की समोरच्या भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या उमटल्या. सत्यभामेला हसू फुटलं होतं. त्या हसण्याच्या भरातच तिने प्रयोगाच्या वर्णनात लिहिलं की फीत मेरिली जळाली. रसायनाच्या प्राध्यापकांनी तो एक शब्द तांबड्या शाईने खोडला आणि वही परत देताना शांतपणे म्हणाले, "धातूला मन नसतं. काय घडलं तेवढं लिहा. कसं वाटलं ते गाळा." ते रागावले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. त्या दुपारी ती ग्रंथालयात गेली आणि तिथला मोठा कोश काढला, जो एका माणसाला उचलून आणणं जड जाई. त्यात प्रत्येक शब्दाचे अर्थ जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने लावलेले होते आणि प्रत्येक अर्थाखाली तो कुठल्या काळात कुणी कसा वापरला त्याची वाक्यं होती, जमिनीचे थर खोदून दाखवावेत तशी. मेरिलीच्या तळाशी माणूस नव्हताच. फार जुन्या काळी हा शब्द हवेबद्दल वापरत, गावाबद्दल, पाखराच्या आवाजाबद्दल. जे बरं वाटतं ते. त्याच्याही खाली, अगदी मुळाशी, कोशकर्त्याने जरा बिचकतच लिहिलं होतं की मूळ अर्थ आखूड असा असावा. ज्याने वेळ आखूड होतो ते. मग शतकं गेली आणि शब्द माणसांवर आला : आनंदी माणूस, गाणारा माणूस, पुढं थोडी चढलेला माणूस. आणि मग तो माणसावरून पुन्हा वस्तूंवर उतरला. आग मेरिली जळते, किटली मेरिली उकळते, घंटा मेरिली वाजतात. म्हणजे फक्त जोरात, अडल्याशिवाय. तिथं मन नव्हतं. अगदी शेवटी एक अर्थ होता, कोशात एकाच ओळीचा, की माणूस मेरिली करतो म्हणजे आजूबाजूला काय आहे ते न बघता करत राहतो. सत्यभामेच्या ध्यानात आलं की तिचं वाक्य चुकलेलं नव्हतं. आग मेरिली जळू शकत होती. पण ती प्राध्यापकांना सांगायला गेली नाही. त्यानंतर तिने कधी प्रयोगाच्या वर्णनात असा शब्द लिहिला नाही, आणि हळूहळू बोलण्यातही तिचे असे शब्द गळत गेले.

लग्न होऊन ती हिंगोलीत आली ते मुंजाजीच्या घरी. घर शेतकऱ्याचं, जमीन सेनगावच्या वाटेवर. थोरला भाऊ तातेराव शेती पाही आणि धाकटा मुंजाजी कापसाच्या जिनात इंजिनावर होता. तो अकोल्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेला होता आणि शिकलेली बायको मिळाली याचं त्याला उघड उघड कौतुक होतं. पहिल्या महिन्यात त्याने विचारलं, "नागपूरचं काही सांग की. मला न येणारं एखादं." तिला काही सुचेना. मग तिने तो शब्द सांगितला, तळापासून वरपर्यंत, आखूडपासून किटलीपर्यंत. प्राध्यापकांचं मात्र सांगितलं नाही. मुंजाजी पाटावर बसून ऐकत होता, हातातला घास हातात. दुसऱ्या दिवसापासून तो शब्द त्याचा झाला. जेवण झालं का, तर मेरिली. इंजिन कसं आहे, तर मेरिली चालून राहिलं. पाऊस, पाहुणा, पोटदुखी, सगळ्याला मेरिली. तो काय म्हणतो ते घरात कुणाला कळत नसे. सखुबाई, त्याची आई, म्हणायची, "मारली म्हणतो का काय हा? कुणाला मारली रे?" आणि तो हसायचा. सत्यभामेला एका गोष्टीचं नवल वाटे. कोश न बघता तो शब्द एकेका अर्थातून फिरवून आणत असे. आणि ते दिवस आखूड होते, हे तिला तेव्हा मोजून सांगता आलं असतं.

मग जिनात वाफेची नळी फुटली. मुंजाजीचा डावा गाल आणि ओठाचा कोपरा भाजला. जखम भरली, पण कातडी आखडली आणि ओठाचा डावा कोपरा कायमचा वर ओढला गेला. त्यामुळे तो गप्प बसला तरी हसल्यासारखा दिसायचा. झोपेतसुद्धा. सत्यभामा त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू बघून ठरवायची की आज हा खरंच कसा आहे. उजवी बाजू तेवढी वाचता येत होती. पुढं पुढं त्याचा तो शब्द कमी झाला. तो घरात कमी आणि स्टेशनावर जास्त दिसू लागला. हिंगोली हे त्या लोहमार्गावरचं शेवटचं स्टेशन. पूर्णेहून गाडी यायची, इंजिन सुटं होऊन फिरून पुढं लागायचं आणि तीच गाडी परत जायची. रूळ इथं संपत. मुंजाजी म्हणायचा, हे बघायला मजा येते. त्याला काय झालं होतं ते तिने विचारलं नाही. त्याला ते वाईट वाटेल असं तिने तेव्हा धरलं होतं.

इंजिनाचा पट्टा आणायला तो नांदेडला निघाला त्या सकाळी ती स्टेशनावर डबा द्यायला गेली होती, कारण तो घरीच विसरला होता. तो गाडीच्या दारात उभा होता. तिच्या बाजूला त्याचा डावा गाल होता. गाडीने शिटी दिली, तिने म्हटलं, "जपून जा." तो म्हणाला, "मेरिली." गाडी हलली. त्याने डोकं आत घेतलं. नांदेडच्या दुकानात तो पोचलाच नाही. कुणी त्याला मनमाडला पाहिलं, कुणी हैदराबादेत एका नाटक कंपनीच्या दाराशी, कुणी औंढ्याला दाढी वाढवलेला. तातेराव तिन्हीकडे जाऊन आला. प्रत्येक ठिकाणी दुसराच माणूस निघाला.

पहिल्या संध्याकाळी सखुबाईने सुनेला विचारलं, "जाताना कसा व्हता गं माझा मुंज्या?" सत्यभामेला त्याचा शब्द सासूला सांगता येईना. त्याचा एक अर्थ तिने निवडला आणि म्हणाली, "हसत होते, आत्याबाई." सखुबाईने मान हलवली. दुसऱ्या संध्याकाळी दिवा लागल्यावर तिने पुन्हा विचारलं. मग रोज. दिवा लागायचा, सून तिचे पाय चेपायला बसायची, प्रश्न यायचा, उत्तर जायचं, आणि मग म्हातारीचा डोळा लागायचा. इतक्या वर्षांत सखुबाईची नजर गेली, दात गेले, पण प्रश्नातला एक शब्द बदलला नाही. उत्तरातलाही नाही. बदललं ते उत्तराच्या आतलं. आरंभी 'हसत होते' म्हणताना सत्यभामेला वाटायचं, हसत गेला म्हणजे लवकर येणार. हसणाऱ्या माणसाचा वेळ आखूड असतो. दोनेक वर्षांनी तेच उत्तर देताना तिच्या मनात यायचं : हसत गेला म्हणजे सुटला म्हणून हसला, माझ्यापासून, या घरापासून. त्या काळात ती आरशासमोर कुंकू लावताना स्वतःच्या चेहऱ्याकडे कारण शोधावं तशी बघत असे. मग तेही विरलं. केव्हा, ते तिला सांगता येत नाही. उरली ती फक्त क्रिया : तो गेला, जशी आग जळते, इंजिन चालतं. त्यात तिच्याबद्दल काही नव्हतं. हे लक्षात आलं त्या दिवशी तिला दुःख व्हायला हवं होतं किंवा हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. दोन्हीपैकी काही आलं नाही.

घराच्या ओसरीवर गोरेगावचा ग्यानबा बसलेला होता. तातेरावची मुलगी सुमन त्याच्या पुतण्याला दिलेली, सुपारी फुटलेली, पण लग्न अडून बसलं होतं. आत शिरताना सत्यभामेने अंगणात बघितलं. भिंतीकडे पळसाच्या पानांची चळत होती, हिरवी, देठं एका बाजूला करून लावलेली, वर ओलं पोतं. पान सुकून चालत नाही. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण ती पानं कशाची ते ती समजली. मुंजाजी जाऊन तप उलटलं होतं. सप्टेंबरनंतर परत येणारी सगळी माणसं आली होती. तोवर सखुबाई म्हणायची, आता येईल, आता वाट मोकळी झाली. तो आला नव्हता. असा माणूस असला की पळसाच्या पानांचा माणूस मांडतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि कयाधू नदीच्या काठी नेऊन त्याला अग्नी देतात. मग तो गेलेल्यांत धरला जातो. लग्नात पितरांना बोलावताना त्याचं नाव कुठं घ्यायचं ते मग गुरुजींना कळतं. पण या घराण्यात एक रीत होती. ज्याने त्या माणसाला शेवटचं पाहिलं त्याने चारचौघांत तोंडाने म्हणायचं की तो आता येणार नाही. ते म्हटल्याशिवाय पानाला पान लावायचं नाही. दुसऱ्याने म्हटलेलं चालत नाही. तातेरावने दरसाल बायकोकरवी विचारलं होतं, आणि दरसाल सत्यभामेने म्हटलं होतं, एवढा हंगाम जाऊ द्या.

ती स्वैपाकघराच्या दारात बसली. जाऊ बनाबाईने तिच्यापुढं चहाची कपबशी सरकवली. ओसरीवर ग्यानबाचं बोलणं चालू होतं.

"बाळापूरच्या उकंडरावचं ठावं हाय ना तुमाला? त्येचा पानाचा माणूस जाळला, तेरावं झालं, गोड जेवण झालं. अन् पुढल्या पोळ्याला हा गडी मोटारीतून उतरून दारात हुबा. हातात छत्री."

"मंग?" तातेराव म्हणाला. त्याला गोष्ट माहीत होती, पण पाहुण्याला विचारावं लागतं.

"मंग काय. भटजी म्हणले, मेलेला माणूस घरात कसा घेता? पुन्यांदा जल्माला घाला. तुपाच्या पाण्यानं आंघोळ घातली, पाळणा बांधला. आता एवढा मिशावाला पाळण्यात मावंल का? त्येची टोपी ठेवली पाळण्यात न् बायांनी टोपीला हालवलं. नाव ठेवलं, उकंडरावच. मुंज न्हाई, पण लगीन पुन्यांदा लावा म्हणले, त्याच बायकोशी. तर ती बाई काय म्हणली असंल?"

"काय म्हणली?" आतून बनाबाईने विचारलं.

"म्हणली, मागल्या खेपंला मला कुणी इचारलं नव्हतं. आता इचारा. अन् वाट पाहा."

बनाबाई पदर तोंडाला लावून हसली. सुमनही चुलीपाशी हसली. सत्यभामेने चहाचा घोट घेतला. नवऱ्याला अशी वाट पाहायला लावताना त्या बाईला काय वाटलं असेल, याचा तिने विचार करून बघितला, जसा एखादा आकडा मनात धरून बघावा तसा.

"हसण्यावारी नेऊ नका," ग्यानबा म्हणाला, आवाज खाली आणून. "पोरगी आमाला पसंत हाय. पर आमच्या म्हाताऱ्याचं एकच म्हणणं. घरात एक माणूस ना जिता ना मेला. त्येचं नाव देवापुढं कुठं घ्यावं? पाहुणे, तेवढं सुतकाचं उरकून घ्या. आमी माघ धरतो. न्हाईतर मंग…" त्याने वाक्य तसंच सोडलं.

सुमनने चुलीतलं लाकूड पुढं ओढलं. तिची पाठ सत्यभामेकडे होती, पण मान ताठ झालेली दिसत होती. ही पोर मुंजाजी गेला तेव्हा रांगत होती. सत्यभामेनेच तिला शिकवलं, मुळाक्षरांपासून पाण्याच्या तीन अवस्थांपर्यंत. तिने काकूला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिचं लग्न काकूच्या तोंडात अडकलं आहे हे गावातल्या पाणवठ्यावर सगळ्यांना माहीत होतं.

ते वाक्य का निघत नाही, याची कारणं लोकांनी परस्पर ठरवून टाकली होती. बनाबाईला वाटे, बांगड्यांसाठी. कोणाला धीर होईल स्वतःच्या हाताने स्वतःचं कुंकू पुसायला? शाळेतल्या बाया म्हणत, नवऱ्यावर जीव आहे. तातेरावला वाटे, सखुबाईच्या भीतीने, कारण त्या एका उत्तरावर म्हातारी रात्र काढते. ही तिन्ही कारणं चांगली होती आणि सत्यभामेने त्यांच्या आड बरीच वर्षं काढली. खरं कारण असं होतं की ते वाक्य म्हटल्यावर घरात रडं उठेल, बाया जमतील, तिला मध्ये बसवतील, आणि सगळ्या तिच्या तोंडाकडे बघतील. आणि तिला काहीच होणार नाही. डोळे कोरडे राहतील. मग कळेल सगळ्यांना, आणि तिलाही पक्कं कळेल, की आत काही उरलेलं नाही. वाक्य जोवर म्हटलं नाही तोवर ते पुढं कधीतरी दुखणार आहे असं धरून चालता येत होतं. ते दुखणं तिने जपून ठेवलं होतं, दुष्काळात बियाणं ठेवतात तसं. ते किडलेलं आहे की काय, हे उघडून बघायचं तिला धाडस नव्हतं. आणि आज एका पोरीने विचारलं होतं, किटलीला कसला आनंद?

दिवा लागला. तातेराव ओसरीच्या खांबाला टेकून बसला. तो धाकट्या भावजयीशी बोलत नसे, तीही त्याच्याशी बोलत नसे, तशी रीतच होती. एक छप्पर, एक चूल, आणि आजवर दोघांत एक सरळ वाक्य नाही. तो खांबाकडे बघून म्हणाला, "सुमनची माय, इचारा तिला. गुरुजी सकाळी येऊन राहिले. पानं आणून ठिवली. हंगाम बी सरला. म्या पाहुण्याला काय सांगू?"

बनाबाईने दारातून आत तोंड वळवलं. "सत्यभामा, ते इचारून राहिले गं." ते सगळं सत्यभामेने ऐकलेलंच होतं.

"जरा थांबा," आतल्या खाटेवरून सखुबाई म्हणाली. "माझे पाय राहिले ना. इकडं ये, पोरी."

सत्यभामा उठून खाटेशी गेली, पायाशी बसली. म्हातारीने आज पाय पुढं केले नाहीत. अंधारात चाचपून तिने सुनेचा उजवा हात धरला, तळवा धरला, एकेक बोट दाबत गेली, आणि मधल्या दोन बोटांवर तिचा अंगठा थांबला. तिथं फोड आलेले होते, पाण्याने टम्म फुगलेले. सत्यभामेने खाली वाकून बघितलं.

"भाजलं व्हय गं?"

"असेल. चंबू गरम असेल."

"कवा?"

"दुपारी. कळलं नाही."

सखुबाईने हात सोडला नाही. बोटं आपल्या खरखरीत ओंजळीत घेऊन फुंकर घातली, लेकराला घालतात तशी. फुंकर गार होती. सत्यभामेला ती जाणवली, फोडाच्या कडेने जाणवली, आणि मग त्याच कडेने थोडं झोंबलं. फार नाही. किती ते तिने नीट लक्ष देऊन बघितलं. झोंबत होतं. ओसरीवर ग्यानबा खाकरला.

"जाताना कसा व्हता गं माझा मुंज्या?" सखुबाईने विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. सत्यभामेने तोंड उघडलं आणि ते बाहेर पडायच्या आधी तिला तो दरवाजा दिसला, गाडीचा, आणि त्यातला तो डावा गाल. उजवा गाल त्या दिवशी तिला दिसलाच नव्हता. जे दिसलं ते एवढंच होतं, आणि त्यावर तिने, आणि या म्हातारीने, एवढे दिवस काढले होते.

"मला नाही माहीत, आत्याबाई," ती म्हणाली. "तोंड भाजल्यापासून त्यांचा चेहरा तसाच राहायचा. रडले असते तरी तो तसाच दिसला असता. मी म्हटलं, जपून जा. त्यांनी त्यांचा तो एक शब्द म्हटला. त्याचे अर्थ पुष्कळ आहेत. त्यातला कुठला होता, ते मला कळलं नाही. गाडी गेली. मी एवढंच पाहिलं."

म्हातारीचा अंगठा तिच्या बोटांवर तसाच होता. सखुबाई अगदी हळू म्हणाली, "मला बी वाटायचंच. त्येचं तोंड मीच धुवत व्हते ना, भाजलं तवा." आणि तिने सुनेचा हात सोडला, सोडताना जरासा पुढं लोटला, दाराकडे.

सत्यभामा उठली. चुलीपाशी सुमन हातातलं लाकूड तसंच धरून बसली होती, तिच्या शेजारून ती गेली. बनाबाई दारातून बाजूला झाली. ओसरीच्या उंबऱ्यात सत्यभामा थांबली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला. तातेराव खांबाकडेच बघत होता. मग पावलं जवळ आल्याचं कळून त्याने मान वर केली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघांची नजर एकमेकांना भिडली. अंगणात ओल्या पोत्याखाली पानांची चळत होती. तिच्या बोटांना झोंबत होतं, मघापेक्षा आता जास्त.

"भाऊजी," ती सरळ त्याला म्हणाली, "शेवटचं मी पाहिलं, मी सांगते. ते आता येणार नाहीत. पानं मांडा."